वाढण्याआधीची तयारी

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात बचत गटाच्या महिलांनी सुरू केलेला डाळीचा उद्योग, एखादी शेतकरी उत्पादक कंपनी, निराधारांसाठीचं निवासी केंद्र किंवा मुलींची अभ्यासिका तीन-चार वर्षं नीट चालली, की एक प्रश्न समोर येतो. कुणी अधिकारी काम पाहून जातात, एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागातून फोन येतो, शेजारच्या तालुक्यातून बोलावणं येतं. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं: पाच गावांत करता, मग पन्नास गावांत का नाही?

हा प्रश्न आनंदाचा आहे. पर्जन्यछायेतले पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके, अकोले तालुक्याचा आदिवासी डोंगरपट्टा, दर वर्षी ऊसतोडणीसाठी घर सोडणारी कुटुंबं, हे सगळं डोळ्यांसमोर असताना चांगलं काम पाच गावांतच थांबावं असं कुणालाही वाटणार नाही. पण अनेक संस्थांची घसरण याच प्रश्नाला घाईनं दिलेल्या होकारापासून सुरू होते. निधी येतो, गावं वाढतात, नवे कार्यकर्ते महिन्याभरात भरले जातात आणि वर्षभरात मूळच्या पाच गावांतलं कामही पातळ होतं.

संस्था तिच्यात तयार झालेल्या माणसांच्या वेगानं वाढते. निधीचा वेग त्याहून जास्त असला, तर काम तुटतं. या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव हेच सांगतो. जामखेडचं आरोग्याचं काम, संगमनेर-पारनेरकडची पाणलोटाची कामं, लोणीची सहकारी साखर कारखानदारी ही क्षेत्रं एकमेकांहून अगदी वेगळी आहेत. पण जिथं काम मोठं झालं आणि टिकलं, तिथं वाढीच्या आधी तयारीचा एक दीर्घ काळ होता. तो काळ नेमका कशात घालवायचा, हे आपण क्रमानं पाहू.

काय वाढवायचं, हे आधी ठरवा

विस्तार तीन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा म्हणजे आपलंच काम आपल्याच माणसांकरवी नव्या गावांत नेणं. यात दर्जा आपल्या हातात राहतो, पण खर्च आणि व्यवस्थापनाचा भार सर्वांत जास्त. दुसरी तऱ्हा म्हणजे आहे त्याच गावांत काम खोल करणं: डाळ विकणाऱ्या गटानं बियाणं, साठवण, पीककर्ज यांतही सभासदांना आधार देणं. तिसरी तऱ्हा म्हणजे आपली पद्धत इतर संस्थांना, ग्रामपंचायतींना किंवा शासनाला शिकवणं आणि काम त्यांनी करणं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ‘सीआरएचपी’ म्हणून तो जगभर ओळखला जातो. त्यांनी या तिन्ही वाटा वापरल्या, पण एकदम नाही. आधी मोजक्या गावांत काम रुजवलं. त्याच गावांत आरोग्याबरोबर पाणी, पोषण, शेतकरी मंडळं, महिला मंडळं असा विषयांचा विस्तार केला. मग गावांची संख्या वाढवली. इतरांना शिकवण्यासाठीची स्वतंत्र प्रशिक्षण संस्था जामखेडला उभी राहिली ती १९९२ मध्ये, म्हणजे काम सुरू होऊन दोन दशकं उलटल्यावर. देशात २००५ साली आशा कार्यकर्त्यांची योजना आली, तेव्हा तिच्यामागच्या अनुभवांमध्ये जामखेडचं नाव आवर्जून घेतलं गेलं. जी संस्था स्वतः लाखो गावांत कधीच पोहोचू शकली नसती, तिची पद्धत लाखो गावांत पोहोचली.

म्हणून पहिलं काम असं करा. कार्यकारी मंडळ आणि प्रमुख कार्यकर्ते एकत्र बसून एका पानावर तीन गोष्टी लिहा: येत्या तीन वर्षांत आपण यांपैकी कोणती वाट धरणार, त्यातून नेमका कोणाच्या आयुष्यात काय फरक पडणार, आणि आपण काय करणार नाही. तिसरा मुद्दा टाळू नका. निधी देणारा समोर बसलेला असताना ‘हे आमच्या कामात बसत नाही’ असं म्हणण्याचं बळ याच ओळीतून मिळतं.

शिकवू शकतील अशी माणसं घडवा

जामखेडला सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवण्याचा बेत होता. तो जमला नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावात एकटं राहणं अवघड गेलं आणि गावानंही त्यांना आपलं मानलं नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित आणि भूमिहीन घरांतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. याच ग्राम आरोग्य कार्यकर्त्या पुढे बाळंतपणं करू लागल्या, कुपोषित मुलं ओळखू लागल्या, जातीच्या भिंती ओलांडून घराघरांत जाऊ लागल्या. काम सुरू झालं तेव्हा या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पहिल्या काही वर्षांतच हे प्रमाण पन्नाशीच्या आसपास आलं. आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे या बायांचं काम होतं.

हे घडलं कसं, यातच संस्थाबांधणीचा धडा आहे. एकदा शिबिर घेऊन या बायांना मोकळं सोडलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, गावात आलेल्या अडचणी मांडत, एकमेकींकडून शिकत. दोन-तीन विषय नीट समजले की गावात जाऊन करून पाहायचे आणि पुढच्या आठवड्यात परत येऊन सांगायचं, असा क्रम वर्षानुवर्षं चालला. जुन्या कार्यकर्त्या नव्यांना शिकवू लागल्या. डॉक्टर-परिचारिकांचं फिरतं पथक गावात जायचं, तेव्हा कार्यकर्तीला सगळ्यांसमोर मान द्यायचं. तिला पगारी नोकर करण्याऐवजी स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करायला मदत केली गेली, त्यामुळे संस्थेचा निधी आटला म्हणून तिचं काम थांबलं नाही.

आपल्या संस्थेत हे असं उतरवता येईल:

१. कार्यकर्त्याच्या निवडीत गावाचा किंवा सभासदांचा आवाज ठेवा. ज्यांच्यासाठी काम आहे, त्यांनी निवडलेला माणूस टिकतो.

२. प्रशिक्षणाचा ठरलेला वार ठेवा. वर्षातून एकदा सात दिवसांच्या शिबिरापेक्षा दर पंधरवड्याला एक दिवस अधिक उपयोगी. त्या दिवशी सूचना कमी, गावातले अनुभव जास्त.

३. नव्या गावात जाणाऱ्या प्रत्येक चमूत निदान एक माणूस असा हवा, ज्यानं जुन्या गावात एक पूर्ण वर्ष काम केलंय. असा माणूस नसेल, तर नवं गाव घेऊ नका. विस्ताराचा वेग ठरवायला हा एकच नियम पुरेसा आहे.

४. हिशेब, खरेदी, सरकारी पत्रव्यवहार, निधीदात्यांशी संपर्क अशा प्रत्येक महत्त्वाच्या कामाची माहिती दोन माणसांना असू द्या. एक माणूस आजारी पडला किंवा सोडून गेला, तरी संस्था अडू नये.

५. पगाराची आणि पदाची चढण लिहून ठेवा. तीन वर्षांनी आपण कुठे असू, हे कार्यकर्त्याला दिसलं नाही तर तो चांगल्या मनानं, पण नाइलाजानं, दुसरीकडे जातो.

६. प्रत्येक प्रकल्प अर्जात प्रशिक्षण आणि देखरेखीचा खर्च स्वतंत्र लिहा. हा खर्च काढून टाका असं निधीदाता म्हणाला, तर त्याला प्रकल्पच लहान करून द्या.

गावाचीही पात्रता पाहा

क्षमता फक्त संस्थेची असून भागत नाही. ज्यांच्यात काम करायचं, त्यांचीही तयारी लागते. या बाबतीत नगर जिल्ह्यानं देशाला एक फार मोलाची पद्धत दिली आहे.

फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारचा निधी, नाबार्डची व्यवस्था, स्थानिक स्वयंसेवी संस्था आणि गावं अशी ती रचना होती. गावांची आणि संस्थांची तयारी करून घेण्यासाठी फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली वॉटर, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, ही संस्था सुरू केली. नगर जिल्हा हे या कामाचं महत्त्वाचं क्षेत्र होतं. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी त्यासाठी ओळखलं जातं.

या कार्यक्रमात गावानं ‘आम्हाला हवंय’ म्हटलं, की लगेच पूर्ण निधी मिळत नसे. आधी क्षमता बांधणीचा टप्पा असे, साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. त्यात ग्रामसभेनं एकमतानं पाणलोट समिती नेमायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, श्रमदान करायचं आणि पाणलोटाच्या एका छोट्या भागात कामं करून दाखवायची. याच काळात समिती हिशेब ठेवायला, मोजमाप घ्यायला, भांडणं मिटवायला शिकत असे. शेताचं नियोजन त्या शेतकरी कुटुंबासोबत, बांधावर उभं राहून होत असे. हा टप्पा नीट पार पडला, तरच पूर्ण अंमलबजावणीचा निधी येई.

यातलं शहाणपण असं, की मोठा पैसा येण्याआधी लहान पैशावर चुका होऊन गेलेल्या असत. शिवाय गावाला नाही म्हणण्याची आणि संस्थेला मागे फिरण्याची सन्मानाची संधी असे. या पद्धतीचा अनुभव पाहून केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी १९९९-२००० मध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारला आणि तिचा मार्ग इतर राज्यांसाठीही मोकळा झाला.

तुमचं काम पाणलोटाचं नसलं, तरी नव्या गावासाठी असा पात्रता टप्पा ठेवता येतो. सहा महिन्यांचा ठेवा, पण ठेवा. त्यात चार गोष्टी तपासा: लोक स्वतःचा वाटा, पैसा किंवा श्रम, घालतात का, ठरलेल्या तारखेला बैठक होते का आणि तिचं इतिवृत्त लिहिलं जातं का, निर्णयात बायका आणि भूमिहीन घरं बसतात का, आणि पहिल्या मतभेदानंतरही समिती एकत्र राहते का. बचत गटांच्या चळवळीत पंचसूत्रीचं महत्त्व याचसाठी आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब या पाच गोष्टी सहा महिने पाळणारा गट पुढे उद्योगातही टिकतो. न पाळणाऱ्या गटाला यंत्र घेऊन दिलं, तर ते यंत्र गंजतं.

नेतृत्वाचं वर्तुळ मोठं करा

लोणीला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्यानं गाळप सुरू केलं, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्याआधीचा काळ मात्र कमी सांगितला जातो. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी सुरू केली ती १९२३ साली. म्हणजे कारखान्याच्या आधी पाव शतक या परिसरातले शेतकरी एकत्र पैसा ठेवणं, कर्ज देणं, वसुली करणं, सर्वसाधारण सभेला उत्तर देणं हे सगळं शिकत होते. कारखान्याचं भागभांडवल शेतकऱ्यांकडून गोळा होऊ शकलं, त्यामागे विश्वासाची ती जुनी शिदोरी होती.

दुसरी गोष्ट त्याहून शिकण्यासारखी. विठ्ठलरावांचं शालेय शिक्षण थोडं. कल्पना, लोकसंग्रह, वणवण त्यांची. पण कारखान्याच्या अध्यक्षपदी त्यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना आणलं आणि स्वतः उपाध्यक्ष म्हणून काम केलं. गाडगीळांनी सुरुवातीची दहा वर्षं ती धुरा वाहिली. आपल्याकडे नसलेलं ज्ञान असलेल्या माणसाला वरची खुर्ची देण्याइतका मोठेपणा संस्थापकाकडे होता, म्हणून शेतकऱ्यांची संस्था बँकांसमोर आणि सरकारसमोर ताठ उभी राहिली.

आज आपल्या संस्थेच्या मंडळाकडे या नजरेनं पाहा. मंडळात घरची माणसं, मित्र आणि हितचिंतकच आहेत का? लहान संस्थेला ते पुरतं. विस्तार करायचा असेल, तर हिशेब कळणारा एक, बाजार कळणारा एक, कायदा कळणारा एक आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यातले किमान दोघे मंडळात हवेत. हे दोघे सह्यांपुरते नकोत. बैठक त्यांना समजेल अशा भाषेत आणि त्यांना जमेल अशा वेळी व्हायला हवी.

मंडळाचं काम आणि रोजचा कारभार वेगळा ठेवा. धोरण, अंदाजपत्रक, देखरेख ही मंडळाची कामं. खरेदी, हजेरी, वाहतूक ही व्यवस्थापकाची. शेतकरी उत्पादक कंपनीला कायद्यानंच पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. त्याला अधिकार न देता प्रत्येक पोत्यामागे संचालकांची सही लागत असेल, तर कंपनी पाचशे सभासदांच्या पुढे जात नाही.

संस्थापकांनी आणखी एक अवघड काम करायचं आहे. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न तब्येत ठणठणीत असतानाच टेबलावर ठेवायचा. डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम पुढच्या पिढीनं, गावोगावच्या अनुभवी कार्यकर्त्यांच्या आधारानं चालू ठेवलं. सुरुवात म्हणून वर्षातून एक महिना संस्थापकानं कारभारापासून बाजूला राहावं. त्या महिन्यात कोणती कामं अडली, त्याची यादी करावी. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचा आराखडा त्या यादीतूनच निघतो.

कामाची पद्धत कागदावर आणा

पाच गावांत काम चालतं, कारण सगळ्यांना सगळं माहीत असतं. पन्नास गावांत ते चालत नाही. तिथं पद्धत लिहिलेली लागते आणि कोणती गोष्ट एकसारखी ठेवायची, कोणती गावावर सोडायची, हे ठरवावं लागतं.

याचं उत्तम उदाहरण मुंबईचं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली; ती आजची लिज्जत. तिथं पीठ केंद्रावर एका प्रमाणात तिंबलं जातं. भगिनी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी आणून देतात. तपासून माल घेतला जातो आणि मजुरी मिळते. चव ठरते ती पिठात, म्हणून पीठ केंद्राकडे. वेळ आणि जागेची सोय हवी ती लाटणाऱ्या बाईला, म्हणून लाटणं घरी. हजारो घरांत पसरूनही चव एक राहिली, ती या विभागणीमुळे.

आपल्या कामात ‘पीठ’ कोणतं आणि ‘लाटणं’ कोणतं, ते शोधा. डाळ उद्योगात प्रतवारी, वजन, पॅकिंग आणि दर केंद्राकडे. खरेदी आणि सुकवणं गावाकडे. अभ्यासिकेत बालसुरक्षेचे नियम आणि शिक्षक निवड केंद्राकडे; वेळ, सण, उपक्रम गावाकडे. हे एकदा ठरलं, की केंद्राकडच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक-दोन पानांची कार्यपद्धती लिहा. ती लिहिण्याचा योग्य माणूस कार्यालयात नसतो. जी कार्यकर्ती ते काम सर्वांत चांगलं करते, तिच्याशेजारी बसून, ती काय करते ते पाहून लिहा. मग ते पान एका नव्या माणसाच्या हातात द्या. विचारल्याशिवाय त्याला काम जमलं, तर पान पुरं झालं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडचं देशी वाणांचं ज्ञान असंच घरात आणि डोक्यात होतं. बाएफ संस्थेच्या साथीनं त्याला बियाणे बँकेचं आणि परिसरातल्या शेतकऱ्यांच्या समितीचं रूप आलं, तेव्हा ते एका घराबाहेर पोहोचू लागलं. राहीबाईंना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान असलेल्या व्यक्तीचा मान राखत त्या ज्ञानाची व्यवस्था कशी लावावी, हे तिथं जाऊन पाहण्यासारखं आहे.

पैशाचं गणित वाढीच्या आधी मांडा

सामाजिक उद्योग तोट्यापेक्षा खेळत्या भांडवलाच्या टंचाईनं जास्त वेळा अडकतात. उदाहरणादाखल एक डाळ उद्योग घेऊ. महिन्याची विक्री ४ लाख रुपये, कच्च्या मालाचा खर्च अडीच लाख, इतर खर्च ७५ हजार. म्हणजे महिन्याला ७५ हजार शिल्लक, वर्षाला ९ लाख. कागदावर धंदा छान दिसतो.

आता अडकलेला पैसा पाहा. हंगामात स्वस्त मिळते म्हणून दोन महिन्यांची तूर साठवली, तर ५ लाख रुपये गोदामात. मोठे ग्राहक दीड महिन्यानं पैसे देतात, म्हणून दीड महिन्याचा खर्च, सुमारे ४ लाख ९० हजार, उधारीत. एकूण जवळपास १० लाख रुपये कायम अडकलेले. विक्री दुप्पट करायची, तर आणखी १० लाख लागणार. वर्षभराचा सगळा नफाही त्याला पुरत नाही. मोठी ऑर्डर घेऊन शेतकऱ्यांचे पैसे थकवणाऱ्या कंपन्या बहुधा इथंच फसलेल्या असतात, आणि शेतकऱ्याचे पैसे एकदा थकले की पुढच्या हंगामात तूर व्यापाऱ्याकडे जाते.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी हे गणित आपल्या आकड्यांनी मांडा. उधारीची मुदत कमी करून घ्या, आगाऊ रक्कम मागा, सभासदांचं भागभांडवल वाढवा, बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा आधीच मंजूर करून ठेवा. देणगीवर चालणाऱ्या संस्थेनं निदान सहा महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी साठवावी. एकाच निधीदात्याचा वाटा एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर विस्ताराआधी दुसरा आधार शोधा.

मोजा, पण निर्णय घेण्यासाठी

पोपटराव पवार १९८९ मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाले. पुढे या गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, हे ग्रामसभेसमोर येतं आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत कोणतं पीक किती घ्यायचं, ते ठरतं. सिंचनासाठी बोअरवेल नाही, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आवर, हे नियम टिकले. कारण त्यांच्यामागचे आकडे सगळ्यांनी पाहिलेले असतात.

आपल्या अनेक संस्थांत आकडे गोळा होतात ते निधीदात्याच्या अहवालासाठी, आणि तिथंच संपतात. त्याऐवजी चार-पाचच आकडे निवडा, जे पाहून आपण पुढच्या महिन्यात काहीतरी वेगळं करू: सभासदाच्या हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम, परत आलेला खराब माल, गैरहजर मुली, काम सोडून गेलेले कार्यकर्ते, थकलेली उधारी. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी हे आकडे कार्यकर्त्यांसमोर आणि तिमाहीला सभासदांसमोर मांडा. मूळ पाच गावांचे आकडे नेहमी वेगळे ठेवा. विस्तारात जुनी गावं मागे पडू लागली, तर ते आधी तिथंच दिसेल.

कागदपत्रं वेळेत

मोठा निधी येताना कागद आधी पाहिले जातात. सार्वजनिक न्यासानं विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं राहिला की बँकेतल्या सह्यांपासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत सगळं अडतं. कंपनीकडून सीएसआर निधी घ्यायचा, तर आयकराच्या १२ अ आणि ८० जी नोंदण्यांबरोबर सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. विदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी वेगळी.

उद्योग आणि सेवा दोन्ही एकाच न्यासात गुंतले असतील, तर मालाची विक्री वाढण्याआधी सनदी लेखापालांशी बसा. उद्योगासाठी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था आणि सेवेसाठी न्यास किंवा कलम ८ कंपनी, अशी विभागणी अनेकांना सोयीची पडते. ती केली, तर दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून अलग ठेवा.

दीड वर्षाचा आराखडा

हे सगळं एकदम होणार नाही. असा क्रम धरता येईल.

पहिले तीन महिने: विस्ताराचं एक पान लिहिणं, मंडळातली रिकामी कौशल्यं ओळखणं, थकलेले कागद पुरे करणं, मूळ गावांचे आकडे नोंदवणं.

चौथा ते नववा महिना: दुसऱ्या फळीतली माणसं निवडून त्यांना जुन्या गावांत पूर्ण जबाबदारी देणं, कार्यपद्धतीची पानं तयार करणं, खेळत्या भांडवलाची सोय करणं, नवे दोन विश्वस्त किंवा संचालक आणणं. याच काळात इच्छुक गावांचा पात्रता टप्पा सुरू करणं.

दहावा ते पंधरावा महिना: पात्र ठरलेल्या दोन किंवा तीनच गावांत काम सुरू करणं. इथं संस्थापकानं दैनंदिन कामात हात घालायचा नाही. नव्या चमूनं चालवायचं.

शेवटचे तीन महिने: थांबून पाहणं. नव्या गावांत दर्जा जुन्याइतका आहे का? जुन्या गावांचे आकडे घसरले का? माणसं थकली का? तिन्ही उत्तरं समाधानाची असतील, तर पुढच्या टप्प्यात दहा गावं घ्या. नसतील, तर आणखी सहा महिने तिथंच राहा आणि तसं निधीदात्याला स्पष्ट सांगा. कारण आणि आकडे समोर ठेवले, तर समजूतदार निधीदाता ऐकतो. आणि ज्याला ते ऐकायचंच नसेल, त्याच्या निधीवर पन्नास गावांची जबाबदारी घेणं धोक्याचं आहे.

काम वाढवताना आपण लोकांना एक शब्द देत असतो. नव्या गावातल्या बाईनं तिची तूर आपल्याकडे द्यावी, मुलीला आपल्या अभ्यासिकेत पाठवावं, आजारपणात आपल्या कार्यकर्तीवर विसंबावं, असं आपण तिला सांगतो. ती तसं करते तेव्हा तिनं आपला जुना आधार, मग तो व्यापारी असो वा सावकार, थोडा तरी सोडलेला असतो. दोन वर्षांनी आपण माघार घेतली, तर तिला त्याच दारात अधिक कमजोर होऊन जावं लागतं. म्हणून आधी माणसं घडवा, पद्धत लिहा, हिशेब घट्ट करा, आणि पेलवतील तितकीच गावं घ्या. येत्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून एवढंच लिहा: आपल्याकडे आज दुसऱ्याला शिकवू शकतील अशी माणसं किती? जो आकडा येईल, तिथून विस्ताराची आखणी सुरू करा.